एकदाच सांगायचं

५ ऑगस्ट, बुधवार

परत आला तो विचार! सकाळी साडेसातला, मी डब्यासाठी पाव कापत असताना. लेक बाळाला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात — "आई, धर ना हिला जरा, मी तोंड धुऊन येते." माझ्या हातात सुरी. आणि डोक्यात ते वाक्य. कुणी शेजारी उभं राहून शांतपणे सांगावं तसं.

ते वाक्य इथे लिहिणार नाही. लिहिलं तर खरं होईल असं वाटतं.

सुरी बेसिनमध्ये टाकली आणि म्हटलं, "मला उशीर होतोय, बाबांना दे." लेकीचं तोंड एवढंसं झालं. हे पेपर वाचत बसले होते. यांनी बाळाला पेपरासकट मांडीवर घेतलं आणि तिला हवामानाचा अंदाज वाचून दाखवायला लागले. यांना कसली म्हणून भीती नाही. मी मात्र बस येईपर्यंत हात पदराखाली दाबून उभी होते.

पाच आठवड्यांची नात. पहिलीच! आणि गेले तीन आठवडे मी तिला उचललेलं नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

कसं सुरू झालं ते लिहूनच टाकते. लेक बाळंतपणाला आमच्याकडे आली. जावई दुसऱ्या गावी नोकरीला, फक्त रविवारी येतात. पहिले बारा दिवस मीच बाळाला न्हाऊ घातलं, मीच थोपटलं. तेराव्या दिवशी गॅलरीत लंगोट वाळत घालत होते, बाळ डाव्या हातावर. आमचा तिसरा मजला. खाली कुणाची तरी सायकल लावलेली. मी खाली बघितलं आणि तो विचार आला. आला म्हणजे आला — मी केला नाही! पण डोकं तर माझंच ना? आत येऊन बाळाला पलंगावर ठेवलं, गॅलरीच्या दाराला कडी घातली. लंगोट बादलीतच राहिले, दुसऱ्या दिवशी वास मारायला लागले.

सव्वीस वर्षं मी रविवारच्या शाळेत मुलांना प्रार्थना शिकवली. आमच्या चर्चच्या मंडळीतली निम्मी तरणी पोरं माझ्या मांडीवर बसून गेलेली. आणि मला हे सुचतं! प्रभू, ज्या बाईला हे सुचतं ती तुझी कशी असेल?

उपाय मी माझा शोधलाय. विचार आला की लहानपणी शिकलेली प्रार्थना मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची. मध्येच विचार पुन्हा घुसला तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून. ओळीने सात बिनचूक झाल्या की तो विचार पुसला.

आज सात व्हायला दुपार झाली.

९ ऑगस्ट, रविवार

उपासनेनंतर पाळकांनी जाहीर केलं — आमच्या नातीचा बाप्तिस्मा २० सप्टेंबरला. सगळे माझ्याकडे वळून हसले. आमच्या मंडळीत बाळाला दारापासून बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत आजी नेते, आईची आई. पाळकांच्या हातात तीच देते. मधली वाट लांब आहे, शेवटी तीन दगडी पायऱ्या, आणि मग पाणी.

मीही हसले. काय करणार!

घरी आल्यावर जावयांनी बाळाला खांद्यावर टाकलं, तोवर लेक सोफ्यावर पडून गाढ झोपलीसुद्धा. रविवारी ती दिवसभर झोपते. बाकीचे सहा दिवस डोळे ताणून बसलेली असते.

११ ऑगस्ट, मंगळवार

आज सतरा वेळा पहिल्यापासून.

१३ ऑगस्ट, गुरुवार

शिवणाच्या डब्यातली कात्री जागेवर नाही. मोठी सुरीही नाही. शोधता शोधता कपाटावरच्या फळीवर सापडल्या, जुन्या टॉवेलात गुंडाळून अगदी मागे सारलेल्या. यांना विचारलं तर यांनी हात वर केले. म्हणजे लेकीने.

तिला कळलंय! माझ्या तोंडावर दिसत असणार. स्वतःच्या आईपासून बाळाला जपायला तिने सुऱ्या लपवल्या. वरून खाली काही काढलं नाही. पाव हाताने तोडून खाल्ला.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

पण मग माझी भीती वाटते तर ही सारखी बाळाला माझ्याकडेच का आणते? आजही आणली. मी साबणाचे हात दाखवले. तेव्हा एकदम फुटली —

"आई, तू तिला महिनाभरात एकदाही घेतलं नाहीस. तुला ती आवडत नाही का?"

"काहीतरी बोलू नकोस."

"मग मी तिकडेच जाते. सासूबाई तरी घेतील!"

मला काय कमी वाटतं का गं त्या पोरीबद्दल? तिच्या दुपट्याला येणारा वास घ्यायला मी ते दोनदा धुवायला काढते. हे तोंडातून बाहेर निघेल तर शपथ.

मला वाटतं ती माझी परीक्षा घेते आहे. बघूया आई काय करते, असं.

१७ ऑगस्ट, सोमवार

आज कामावर शोभा झाली. व्यवस्थित लिहिते.

आमचा निर्जंतुकीकरण विभाग इस्पितळाच्या तळघरात. वरून ऑपरेशनची हत्यारं येतात. आम्ही धुतो, पुसतो, मोजून सेट लावतो, कापडात बांधतो, वाफेच्या मोठ्या पेटीत घालतो. पुड्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. पुरेशी वाफ मिळाली की तिच्यावरच्या रेषा काळ्या होतात. आत आणखी एक खूण असते, पेटीचं स्वतःचं माप असतं. सगळं जुळलं की पुडा वर जातो. एकवीस वर्षं हेच करते आहे, डोळ्यांत तेल घालून. माझा सेट कधी परत आलेला नाही.

आज बाळंतपणाचा सेट होता. काढला, रेषा काळ्या. त्याच क्षणी विचार — बाळंतपणाचा सेट म्हणजे बाळ आलंच. मग वाटलं, असला विचार करता करता हात लावला, आता हा पुडा नीट नाही. परत पेटीत घातला. बाहेर काढताना पुन्हा तेच. परत घातला. तिसऱ्यांदा पेटी चालू असताना वरून फोन — सेट कुठाय? वर एक बाई कळा देते आहे आणि दुसरा सेट ओला, वापरता येईना! शेवटी शेजारच्या ऑपरेशन थिएटरमधून मागवला. वेळेवर मिळाला, बाळ-बाळंतीण सुखरूप.

आमच्या इन्चार्ज सिस्टर माझ्या लेकीच्या वयाच्या. रागाने तिळपापड झाला असेल, पण आवाज चढवला नाही. तिन्ही फेऱ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "मावशी, पहिल्या फेरीत काही चूक होती?"

"नाही."

"मग दुसरी कशाला? दोनदा निर्जंतुक केलेलं जास्त निर्जंतुक होत नाही. हे तुम्हीच मला शिकवलंत, मी नवीन होते तेव्हा."

खरंच, मीच शिकवलं होतं.

१८ ऑगस्ट, मंगळवार

सिस्टरचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. बरं झालं, तेवढीच दुसऱ्याला जागा कमी.

१९ ऑगस्ट, बुधवार

अर्धी रजा टाकून पाळकांकडे गेले. सात वेळा परत फिरले आणि आठव्यांदा आत शिरले. (इथेही सात! मला आता आकड्यांचाच राग यायला लागलाय.)

पाळक एकटेच, बाह्या सरसावून फाटलेल्या गीतांच्या वह्या डिंकाने चिकटवत होते. मला म्हणाले, "बसा बाई, ही जरा दाबून धरा." मी वही धरली आणि सगळं सांगितलं. गॅलरी, सुरी, कुंड. वहीकडे बघूनच सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून रविवारच्या शाळेत येऊ नका.

ते डिंकाचा ब्रश बाटलीच्या काठाला पुसत राहिले. मग म्हणाले, "दर प्रभुभोजनाला मी द्राक्षारसाचा प्याला उचलतो ना, तेव्हा माझ्या मनात येतं, हा पहिल्या बाकावरच्या लोकांच्या अंगावर ओतावा."

मी वहीवरून मान वर केली.

"एकतीस वर्षं झाली. एकदाही ओतला नाही."

पहिल्या बाकावर हे बसतात! मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. बोटाला डिंक लागलेला, डोळे पुसायचीही सोय नाही.

ते म्हणाले, दारात कुणी येऊन ओरडलं म्हणून ते घर त्याचं होत नाही. तुम्हाला त्या विचाराची किळस येते, यातच तुम्ही कोणाच्या आहात ते कळतं. मी सात प्रार्थनांचं सांगितलं, तेव्हा मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, "बाई, ती प्रार्थना राहिली नाही. ते तुम्ही कड्या तपासताय. प्रभूने पहिल्या वेळेलाच ऐकलं. दुसऱ्यांदा सांगता ते त्याला नाही, तुमच्या भीतीला."

मग मला एक शिस्त लावून दिली. विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही, पळायचंही नाही. विचाराला धरायचं, तो काय आहे ते ओळखायचं, आणि एकाच वाक्यात प्रभूच्या हवाली करायचं. एकदाच. मग हातात जे काम असेल ते पुढे चालू. आणि ज्यापासून पळतो त्याच्या रोज थोडं जवळ जायचं.

निघताना म्हणाले, "आणि तुमच्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर बसतात. त्यांनाही भेटा. माझा गुडघा दुखतो तेव्हा मी प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो."

२० ऑगस्ट, गुरुवार

विचार असा आहे: बाळाला गॅलरीतून खाली टाक. दुसरा असा: सुरी हातात आहे, बाळ समोर आहे.

लिहिलं. शाई वाळली. आत बाळ उचक्या देतंय आणि हे तिला उचकीबद्दल समजावून सांगतायत.

२२ ऑगस्ट, शनिवार

एकदाच सांगणं किती अवघड आहे हे ज्याने करून बघितलं त्यालाच कळेल! "प्रभू, हा विचार तुझ्या हवाली." झालं. मग जीभ शिवशिवते. अजून एकदा म्हण, नीट लक्ष नव्हतं, मधला शब्द घाईत गेला. म्हणायचं नाही म्हणजे नाही. आज भाजी चिरताना दात आवळून बसले होते. हे म्हणाले, दात दुखतोय का?

कपाटावरची सुरी मीच खाली काढली आहे. लेकीने बघितलं आणि स्वयंपाकघरातून उठून गेली.

२५ ऑगस्ट, मंगळवार

मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. रांगेत ओळखीचे तिघे भेटले, तिघांनाही सांगितलं की मी इथली पट्टी तपासायला आले आहे. कसली पट्टी ते कुणीच विचारलं नाही.

डॉक्टर तरुण, केस आखूड. त्यांनीही जवळजवळ तेच सांगितलं, फक्त प्रभूचं नाव न घेता. म्हणाल्या, असे विचार पुष्कळ जणांना येतात; ज्यांना ते नकोसे वाटतात, जे घाबरून लांब पळतात, ती माणसं त्याप्रमाणे वागायला निघालेली नसतात. याला नाव आहे, उपचार आहे. दर मंगळवारी यायचं. मी म्हटलं, आमच्या पाळकांनी असं असं सांगितलंय. त्या म्हणाल्या, "मग तुमचं निम्मं काम झालेलं आहे."

२८ ऑगस्ट, शुक्रवार

बाळाच्या पायाला हात लावला. डावा पाय. तळवा माझ्या अंगठ्याएवढा. विचार आला. हवाली केला, एकदाच. हात काढला नाही!

१ सप्टेंबर, मंगळवार

पलंगावर बसून मांडीवर घेतलं, उशा दोन्हीकडे रचून. घामाने पाठ भिजली. लेक दारात उभी होती. म्हणाली, "घेतलंस!" आणि लगेच चप्पल घालून खाली फिरायला गेली. दहा मिनिटं म्हणून गेली ती तासाभराने आली. मला जरा रागच आला. इतके दिवस घे घे म्हणून माझ्या मागे लागलेली ही पोरगी, घेतल्यावर बघायला थांबू नये?

त्या तासात विचार चारदा आला. बाळाने तीनदा जांभई दिली.

४ सप्टेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. सगळं मुसळ केरात. बाळाला न्हाऊ घालताना पाण्याचा विचार आला, तिला यांच्या हातात देऊन न्हाणीघरातून पळाले. आणि मग सात. दोन वेळा सात! पाळकांना फोन केला. मागे चमचे वाजत होते, जेवत असणार. म्हणाले, "बरं. उद्या पुन्हा न्हाऊ घाला." एवढंच! मी म्हटलं, मी चौदा वेळा... ते म्हणाले, "ऐकलं मी. तेही एकदा सांगितलंत, झालं."

५ सप्टेंबर, शनिवार

न्हाऊ घातलं. हातपाय, मान, कानामागे, सगळं. बाळाने माझ्यावरच धार सोडली, मी नखशिखान्त भिजले. लेकीला हाक मारली, "ये, बघ तरी!" ती दारापर्यंत आली, टबाकडे बघितलं आणि म्हणाली, "तूच कर आई. तुझ्याच हातून बरं." तिचं तोंड पांढरंफटक. मला म्हणायची, रोज बाबाच न्हाऊ घालतात, मला पाठ वाकवता येत नाही. बाळंतपणाची पाठ, बरी होईल हळूहळू.

९ सप्टेंबर, बुधवार

कामावर एकही सेट परत पेटीत घातला नाही, दोन आठवडे झाले. सिस्टर माझ्या टेबलापाशी उगाचच थांबून गेल्या.

१२ सप्टेंबर, शनिवार

गॅलरी. दाराची कडी मी काढली. आधी एकटीच जाऊन उभी राहिले. मग बाळाला घेऊन दारात. मग एक पाऊल बाहेर. खाली सायकल नव्हती, मोकळी जागा होती, ते जास्त वाईट.

विचार आला. पूर्ण आला, नेहमीच्या शब्दांत. मी मोठ्याने म्हणाले, "प्रभू, हा तुझ्या हवाली." आणि दुसऱ्यांदा म्हटलं नाही. उभी राहिले. छाती धडधडत होती, बाळ माझ्या पदराचं टोक चोखत होतं. मग धडधड कमी झाली. आपोआप झाली! मी काहीही केलं नाही. विचार तिथेच कुठेतरी होता, पण त्याला कुणी विचारत नव्हतं. मी नातीला समोरच्या घरावरची टाकी दाखवली, झाड दाखवलं, पोस्टमन दाखवला.

प्रभू, तुझे उपकार कोणत्या तोंडाने मानू!

१९ सप्टेंबर, शनिवार

उद्या बाप्तिस्मा. बाळाचा पांढरा झगा इस्त्री केला. यांनी बूट पॉलिश केले, माझेही केले. लेक दिवसभर गप्प गप्प. मी तिला विचारलं, अजून रागावली आहेस का माझ्यावर? तिने मानेनेच नाही म्हटलं.

२० सप्टेंबर, रविवार

नेलं! दारापासून कुंडापर्यंत, माझ्या दोन हातांवर.

अर्ध्या वाटेवर विचार आला. येणारच होता, मी त्याची वाटच बघत होते म्हणा ना. हवाली केला आणि चालत राहिले. तीन पायऱ्यांपाशी पुन्हा आला, तोही हवाली केला. नवा विचार, नवं एकदा. त्याला हरकत नाही असं डॉक्टरच म्हणाल्या आहेत. पाळकांच्या हातात बाळ दिलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला प्याल्याची आठवण होऊन हसू दाबता येईना. सगळ्यांना वाटलं आजी आनंदाने हसते आहे. तेही खोटं नाही.

पाणी लागल्यावर बाळाने असा टाहो फोडला की मागच्या बाकावरचे म्हातारेही दचकून जागे झाले.

मी परत येऊन बसले तर लेक रडत होती. मला वाटलं, आनंदाने.

२१ सप्टेंबर, सोमवार

सकाळी हे दूध आणायला गेले. मी कामावर निघाले होते, पर्स खांद्याला. लेक दाराला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "आई, जाऊ नको. आम्हा दोघींना एकटं सोडू नको."

"अगं बाबा येतीलच आता."

"तोवरसुद्धा नको." मग खाली बघून म्हणाली, "मी तिला सारखी तुझ्याकडे आणायचे ना, ती तू घ्यावीस म्हणून नव्हे गं आई. माझ्या हातात नसावी म्हणून. मला काय काय दिसतं... मी वाईट आई आहे."

मी पर्स खाली ठेवली. तिला जवळ बसवलं आणि माझं पहिलं वाक्य सांगितलं, गॅलरीतलं, जसंच्या तसं. ती रडायची थांबली.

"तू? आई, तुलासुद्धा?"

"हो गं राणी. मलासुद्धा."